शेख-उर-रईस इब्न सीना : औषधाचा पारखी, मात्रेचा बळी

आपल्या बहुतेक घरांत एक फडताळ असे असते की, त्यात घरगुती औषधांची मांडणी असते. जोशांद्याची पुडी, सुंठ, ओवा, हळकुंड, ज्येष्ठमध, गुलकंदाची बरणी, एखाद्या हकीमसाहेबांनी दिलेले माजून. कुणाचा गुडघा सुजला, कुणाचा घसा बसला, कुणाच्या पोटात कळ आली, की आधी या फडताळाचे दार उघडते आणि नंतर दवाखान्याचे. ही रीत आपल्या आजी-नानींनी घालून दिली. त्यांना ती त्यांच्या वडीलधाऱ्यांकडून मिळाली. पण या परंपरेचा धागा मागे मागे नेत गेलो, तर तो एक हजार वर्षांपूर्वीच्या एका महापुरुषापाशी येऊन थांबतो. त्यांचे नाव अबू अली हुसैन इब्न अब्दुल्ला इब्न सीना. पूर्वेकडील विद्वानांनी त्यांना शेख-उर-रईस, म्हणजे विद्वानांचा प्रमुख, असा किताब दिला. युरोपने त्यांना अव्हिसेना या नावाने ओळखले.

त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. आपल्या शाळांच्या भिंतींवर त्यांचे चित्रही लागते. परंतु त्यांनी नेमके काय केले, औषधाविषयी त्यांचा आग्रह कोणता होता आणि त्यांचा अंत कसा झाला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून विद्यार्थी मित्रांसाठी आणि पालकांसाठी हा चरित्रपरिचय.

बालपण आणि शिक्षण

इब्न सीना यांचा जन्म इ. स. 980 मध्ये, हिजरी 370 साली, बुखारा शहराजवळील अफशाना या गावी झाला. हा प्रदेश आज उझबेकिस्तानात आहे. त्या काळी तेथे सामानी घराण्याचे राज्य होते. वडील अब्दुल्ला हे मूळचे बल्खचे. ते सामानी दरबारात नोकरीस होते आणि बुखाऱ्याजवळच्या एका गावाचा कारभार पाहत. आईचे नाव सितारा. मुलांच्या शिक्षणासाठी हे कुटुंब खेडे सोडून बुखाऱ्यास राहावयास आले. पालकांनी घेतलेल्या या एका निर्णयाचे मोल पुढे साऱ्या जगाने ओळखले.

वयाच्या दहाव्या वर्षी या मुलाचे कुराण मुखोद्गत झाले होते आणि अरबी साहित्याचाही बराच अभ्यास झाला होता. त्यानंतर वडिलांनी त्याला एका भाजीविक्याकडे पाठविले. हे वाचून आश्चर्य वाटेल. परंतु तो भाजीविक्या हिंदी गणितात, म्हणजे आपल्या भारतातून तिकडे गेलेल्या अंकगणितात, निष्णात होता. विद्या कोणाच्या दुकानात मिळते याला महत्त्व नाही, ती मिळते याला महत्त्व आहे, हे त्या पित्याला कळत होते. पुढे नातिली नावाचे एक विद्वान घरी राहावयास आले व त्यांनी तर्कशास्त्र व भूमिती यांचे पाठ दिले. थोड्याच दिवसांत शिष्य गुरूच्या पुढे गेला.

मग इब्न सीना वैद्यकाकडे वळले. हे शास्त्र त्यांना फारसे अवघड वाटले नाही. सोळाव्या वर्षी ते रोगी तपासू लागले होते आणि वयाने मोठे वैद्य त्यांच्याजवळ येऊन ग्रंथ वाचीत होते. मात्र सर्वच विषय त्यांना असे सहज आले नाहीत. अरस्तूचा तत्त्वज्ञानावरील एक ग्रंथ त्यांनी चाळीस वेळा वाचला. तो पाठ झाला, पण त्यातील अर्थ उलगडेना. एके दिवशी ग्रंथांच्या बाजारात एका विक्रेत्याने त्यांच्यापुढे एक पुस्तक धरले. त्यांनी ते नाकारले. मालकाला पैशाची नड आहे, तीन दिरहमांत देतो, असे विक्रेत्याने सांगितल्यावर त्यांनी ते घेतले. ते फाराबी यांनी त्याच ग्रंथाविषयी लिहिलेले पुस्तक होते. घरी जाऊन वाचताच सारा अर्थ लख्ख झाला. त्या आनंदात दुसऱ्या दिवशी त्यांनी गरिबांना खैरात वाटली. एखादा धडा दोनदा वाचून समजला नाही म्हणून निराश होणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा चाळीसचा आकडा ध्यानात ठेवावा.

सुमारे सतराव्या वर्षी त्यांच्या भाग्याचे दार उघडले. अमीर नूह इब्न मन्सूर आजारी पडले. दरबारी वैद्यांनी या तरुणाचे नाव सुचविले. उपचारात तोही सामील झाला. त्यानंतर त्याने अमिरांकडे राजवाड्यातील ग्रंथालयात वाचण्याची परवानगी मागितली व ती मिळाली. त्या ग्रंथालयात अनेक दालने होती आणि दालना-दालनांत ग्रंथांच्या पेट्या एकावर एक रचलेल्या होत्या. पुष्कळ पुस्तकांची नावेसुद्धा लोकांनी ऐकलेली नव्हती. अठराव्या वर्षापर्यंत त्या सर्व विद्यांचा त्यांचा अभ्यास पूर्ण झाला.

वणवण आणि ग्रंथलेखन

इ. स. 999 मध्ये सामानी राज्य कोसळले. त्याच सुमारास वडीलही वारले. तेव्हापासून इब्न सीना यांच्या नशिबी भटकंती आली, ती अखेरपर्यंत. बुखाऱ्याहून गुरगंज, तेथून खुरासानमधील एकेक शहर करीत जुरजान. ज्या अमीर काबूसच्या आश्रयासाठी ते जुरजानला निघाले होते, तो ते पोहोचेपर्यंत कैदेत पडून मरण पावला होता. परंतु जुरजानमध्ये त्यांना दोन गोष्टी मिळाल्या. एका विद्याप्रेमी गृहस्थाने त्यांना राहण्यासाठी घर घेऊन दिले आणि अबू उबैद जूजजानी हा शिष्य भेटला. हा शिष्य पुढे सुमारे पंचवीस वर्षे त्यांच्या सावलीसारखा राहिला. गुरूचे उत्तरायुष्य त्यानेच लिहून ठेवले, म्हणून आज आपल्याला एवढे तपशील ठाऊक आहेत. येथेच, जुरजानमध्ये, अल्-कानून फित्तिब या जगप्रसिद्ध वैद्यकग्रंथाचा आरंभ झाला.

जुरजानहून ते रै येथे आणि तेथून हमदानला गेले. हमदानचा अमीर शम्सुद्दौला याला पोटशुळाचा विकार होता. इब्न सीना यांनी चाळीस दिवस-रात्र त्याच्याजवळ राहून त्याला बरे केले. अमिराने त्यांना वजीर नेमले. पण फौज बिथरली. शिपायांनी त्यांच्या घराला वेढा घातला, घर लुटले आणि त्यांचा शिरच्छेद करावा अशी मागणी केली. अमिराने तेवढे मात्र मानले नाही, पण पद काढून घेतले. वजीरसाहेब एका मित्राच्या घरी चाळीस दिवस लपून राहिले. एवढ्यात अमिराचा पोटशूळ उलटला. पुन्हा हकिमाची आठवण झाली. अमिराने क्षमा मागितली आणि वजिरी परत दिली.

दिवसभर राज्यकारभार असल्यामुळे अध्ययन-अध्यापन रात्री चाले. शिष्य घरी जमत. एक जण किताबुश्शिफा या तत्त्वज्ञानग्रंथातील भाग वाची, दुसरा कानूनमधील. अशा रात्रींमधून हे दोन महाग्रंथ तयार होत गेले. शम्सुद्दौला वारल्यावर नव्या राजवटीत त्यांनी वजिरी नाकारली आणि ते एका अत्ताराच्या, म्हणजे औषधी द्रव्ये विकणाऱ्याच्या, घरी लपून राहिले. जवळ एकही पुस्तक नव्हते. तरीही नुसत्या स्मरणाच्या बळावर ते दररोज पन्नास पाने लिहीत. पुढे शत्रूशी पत्रव्यवहार केल्याच्या आरोपावरून त्यांना फर्दजान किल्ल्यात चार महिने कैद झाली. तेथेही लेखणी थांबली नाही. सुटकेनंतर सुफींचा वेश करून ते जूजजानी, धाकटा भाऊ व दोन गुलाम यांच्यासह इस्फहानला पोहोचले. तेथे अलाउद्दौला यांच्या आश्रयाने त्यांची उरलेली वर्षे गेली. कानून 1025 च्या सुमारास पूर्ण झाला.

सूज म्हणजे काय?

कानूनचे पाच भाग आहेत. पहिल्यात वैद्यकाची मूलतत्त्वे, दुसऱ्यात सुटी औषधी द्रव्ये, तिसऱ्यात डोक्यापासून पायापर्यंत प्रत्येक अवयवाचे रोग, चौथ्यात सर्व शरीराला होणारे ज्वर वगैरे विकार, आणि पाचव्यात मिश्र औषधे. सुट्या द्रव्यांचीच संख्या सातशेहून अधिक भरते. यांत आपल्या देशातून गेलेली द्रव्येही पुष्कळ आहेत. आवळ्याला तेथे आमलज म्हणतात, हिरड्याला हलीलज, बेहड्याला बलीलज. युनानी हकिमांचे इत्रीफल हे नाव आपल्या त्रिफळ्यावरूनच गेले. ग्रीसचे बुकरात व जालिनूस, भारताचे वैद्य आणि अरबी-फारसी अनुभव यांचा संगम या ग्रंथात झाला आहे. ज्ञानाला जात-पंथ व सरहद्द नसते याचे याहून चांगले उदाहरण कोणते?

या ग्रंथात वरम, म्हणजे सूज किंवा दाह, या विषयाला फार मोठी जागा दिली आहे. त्या काळी सूक्ष्मदर्शक यंत्र नव्हते, जंतूंची कल्पना नव्हती. रक्त, कफ, पित्त व सौदा हे चार दोष बिघडले की रोग होतात, अशी समजूत होती. त्यामुळे इब्न सीना यांनी सुजेचे प्रकारही दोषांवरून पाडले. रक्ताने येणारी लाल, तप्त, ठणकणारी सूज वेगळी, पित्ताने येणारी जळजळीत सूज वेगळी, कफाने येणारी मऊ व थंड सूज वेगळी. ही दोषकल्पना आता मागे पडली आहे. त्या समजुतीने सर्रास रक्त काढण्याचे जे उपचार होत, तेही वैद्यकाने सोडून दिले. परंतु निरीक्षण मात्र बावनकशी होते. छातीच्या पडद्याला सूज आली असता ताप, टोचल्यासारखी वेदना, कोरडा खोकला आणि श्वास घेण्यास त्रास कसा होतो, याचे त्यांनी केलेले वर्णन आजच्या डॉक्टरलाही ओळखीचे वाटेल.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे सुजेच्या अवस्था. आरंभ, वाढ, परमावधी आणि उतार अशा चार पायऱ्या मानून प्रत्येक पायरीवर उपचार बदलला पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. आरंभी गुलाब, सिरका अशा थंड व आवळणाऱ्या द्रव्यांनी सूज मागे हटवावी. वाढत असता दोन्ही प्रकारची द्रव्ये मिसळावीत. उताराच्या वेळी बाबूना, मेथी, जवस यांसारख्या विरघळविणाऱ्या द्रव्यांचा लेप द्यावा. म्हणजे रोग तोच, रोगी तोच, तरी आठवड्यापूर्वी उपयोगी पडलेले औषध आज चालेलच असे नाही. शेजारणीच्या गुडघ्याला लागू पडलेला लेप आपल्या गुडघ्यावर डोळे मिटून लावणाऱ्यांनी यावर विचार करावा.

स्वतःवरही त्यांनी हाच नियम चालविला. एकदा त्यांचे डोके भयंकर दुखू लागले. कवटीच्या आवरणाकडे दोष उतरून तेथे सूज येईल अशी त्यांना शंका आली. त्यांनी पुष्कळसे बर्फ मागविले, ते कुटून कापडात गुंडाळले व डोक्यावर ठेवीत राहिले. आरंभीच आवर घातल्याने दुखणे पुढे गेले नाही. ही हकीकत जूजजानी यांनी नोंदविली आहे.

अन्न हेच औषध, पण कोठवर?

उपचाराचे तीन मार्ग त्यांनी मानले. पहिला आहार-विहाराचा, दुसरा औषधाचा, तिसरा हाताने करावयाच्या क्रियांचा, म्हणजे शस्त्रक्रिया वगैरेंचा. आरोग्य टिकविण्यासाठी हवा, अन्नपाणी, शरीराची हालचाल व विश्रांती, मनाची हालचाल व विश्रांती, झोप व जागरण, आणि मलमूत्रादिकांचा निचरा या सहा बाबी सांभाळाव्या लागतात, असे ते शिकवीत. पोटात जाणाऱ्या पदार्थांचेही त्यांनी वर्ग केले. काही पदार्थ शुद्ध अन्न, काही शुद्ध औषध, काही विष. पण यांच्या मधे दोन वर्ग येतात. एक गिजा-ए-दवाई, म्हणजे जे मुख्यतः अन्न असून थोडा औषधी गुण बाळगते, आणि दुसरा दवा-ए-गिजाई, म्हणजे जे मुख्यतः औषध असून थोडे पोषणही करते. आज औषधी गुणाच्या खाद्यपदार्थांची मोठमोठ्या अक्षरांत जाहिरात होते. ती कल्पना हजार वर्षांपूर्वी इतक्या नेमकेपणाने मांडलेली होती. तीव्र तापात व छातीच्या दाहात जवाचे पाणी द्यावे, हा बुकरातपासून चालत आलेला उपदेश कानूनमध्येही आहे.

या संदर्भात एक प्रसिद्ध हकीकत आहे. ख्वारिज्ममधील एका क्षयी स्त्रीला त्यांनी इतर सर्व औषधे बंद करून केवळ गुलाब व साखर यांचा पाक, म्हणजे आपला गुलकंद, घ्यावयास सांगितला. बऱ्याच काळात तिने शंभर मण गुलकंद खाल्ला आणि ती बरी झाली. त्या काळचा मण आपल्या मणापेक्षा पुष्कळच लहान होता, हे लक्षात घ्यावे. पण त्याहून मोठी गोष्ट लक्षात घ्यावयाची ती ही की, त्या स्त्रीला नेमका कोणता रोग होता हे आज सांगता येत नाही. क्षयाचा जंतू 1882 साली रॉबर्ट कॉख यांनी शोधला. आज त्या रोगावर खात्रीची औषधे सरकारी दवाखान्यांतून मोफत मिळतात. ती महिनोन् महिने, एकही खाडा न करता, घ्यावी लागतात. गुलकंद जरूर खावा, पण गुलकंदाच्या भरवशावर गोळ्या सोडणे म्हणजे आपल्याबरोबर घरच्या मुलांनाही संकटात लोटणे होय. इब्न सीना आज असते, तर त्यांनी आधी थुंकीची तपासणी करविली असती. त्यांची वृत्तीच तशी होती, हे पुढील भागावरून पटेल.

औषध पारखण्याचे सात नियम

कानूनच्या दुसऱ्या भागात, औषधांची यादी सुरू होण्यापूर्वी, इब्न सीना यांनी अनुभवाने औषधाचा गुण ठरविण्याचे सात नियम दिले आहेत. ते विज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ करावेत असे आहेत. पहिला, द्रव्य शुद्ध असावे, बाहेरून आलेली उष्णता किंवा थंडी यांसारखा उपरा गुण त्यात नसावा. दुसरा, ज्या रोगावर ते पाहावयाचे तो एकेरी असावा, दोन-तीन रोगांची गुंतागुंत नसावी. तिसरा, परस्परविरुद्ध अशा दोन प्रकारच्या रोगांवर ते वापरून पाहावे, म्हणजे गुण खरा की योगायोगाचा हे कळेल. चौथा, औषधाचा जोर रोगाच्या जोराला साजेसा असावा, म्हणून आरंभ थोड्यापासून करावा. पाचवा, गुण कधी दिसला त्या वेळेकडे लक्ष द्यावे. सहावा, तोच गुण नेहमी किंवा बहुतेक वेळा दिसला पाहिजे, एकदा दिसला तर तो योगायोग समजावा. सातवा, परीक्षा माणसाच्या शरीरावर झाली पाहिजे, कारण सिंहावर किंवा घोड्यावर जे घडेल ते माणसावर घडेलच असे नाही.

आज एखादे नवीन औषध बाजारात येण्यापूर्वी त्याच्या चाचण्या होतात. त्या चाचण्यांचे शास्त्र फार पुढे गेले आहे, पण त्याची बीजे या सात नियमांत दिसतात.

याचे एक जिवंत उदाहरण पाहू. सुरंजान नावाचा एक कंद आहे. सांधेदुखी आणि निक्रिस, म्हणजे पायाच्या अंगठ्याला एकाएकी येणारी असह्य सूज, यांवर तो ग्रीक वैद्यांच्या काळापासून वापरला जाई. कानूनमध्येही त्याची नोंद आहे आणि तो पोटाला अपाय करतो हेही तेथे सांगितले आहे. याची एक जात काश्मीरमध्ये उगवते. 1820 साली पेलतिए व कावाँतू या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी या कंदाच्या कुळातील वनस्पतीतून कोल्चिसिन हे द्रव्य वेगळे काढले. निक्रिसमध्ये युरिक आम्लाचे स्फटिक सांध्यात साठतात व रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धावून जाऊन आग पेटवितात. कोल्चिसिन त्या पेशींच्या हालचालीलाच लगाम घालते. आजही निक्रिसवर डॉक्टर ते देतात. हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील दाहावरही ते उपयोगी पडते असे काही चाचण्यांत दिसले आणि 2023 साली अमेरिकेत त्यासाठी अल्प मात्रेची परवानगी मिळाली. परंतु 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रोग्यांना असा फायदा आढळला नाही. म्हणजे सहावा नियम अजूनही आपले काम करीत आहे.

आणि हेच द्रव्य जास्त झाले, तर जीव घेते. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत फार थोडे अंतर आहे आणि त्यावर ठराविक उतारा नाही. आपल्या कोकणात व सह्याद्रीत पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले येणारी कळलावी फुलते. तिच्या कंदातही हेच कोल्चिसिन असते. रताळे किंवा एखादा रानकंद समजून तो खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. मुलांना ही वेल ओळखावयास शिकवावे. वनस्पती आहे म्हणून निरुपद्रवी आहे, ही समजूत किती घातक आहे, हे ही एकटी वेल सांगते.

याउलट साळई वृक्षाचा डिंक पाहा. कानूनमध्ये ज्याला कुंदुर म्हटले आहे, त्याचाच हा आपल्याकडील भाऊबंद. विदर्भ-खानदेशच्या जंगलांत तो आढळतो. गुडघ्याच्या झिजेच्या दुखण्यात त्याच्या अर्काने काही रोग्यांना आराम पडल्याचे छोट्या चाचण्यांत दिसले आहे. हळद व सुंठ यांच्याविषयीही संशोधन चालू आहे. रोजच्या कालवणातील हळद आपण पिढ्यान्पिढ्या खात आलो आहोत. पण त्याच हळदीच्या अर्काच्या जोरदार गोळ्यांमुळे काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. कालवणातली हळद ही गिजा, बाटलीतला अर्क ही दवा. इब्न सीना यांनी आखलेली रेषा येथे उपयोगी पडते.

अखेर

आता त्यांच्या आयुष्याचा शेवटचा भाग. ज्या पोटशुळातून त्यांनी अमिराला वाचविले, तोच विकार त्यांना स्वतःला जडला. अलाउद्दौलाच्या फौजेबरोबर ते मोहिमेवर होते. मोहीम फसली तर दुखण्यामुळे मागे राहू, या भीतीने लवकर बरे होण्याची घाई झाली. त्यांनी एका दिवसात आठ वेळा बस्ती घेतली. त्यामुळे आतड्याला व्रण पडले. तशाच अवस्थेत प्रवास करावा लागला. मग त्यांनी बस्तीत अजमोद्याचे बी दोन दानक मिसळण्यास सांगितले. उपचार करणाऱ्या वैद्याने ते पाच दिरहम टाकले. एका दिरहमात सहा दानक होतात. म्हणजे सांगितले होते त्याच्या पंधरा पट. हे चुकून झाले की हेतुपुरस्सर, हे जूजजानी यांनाही कळू शकले नाही. सुजलेल्या आतड्याचा व्रण अधिकच चिघळला. पुढे त्यांच्या दुसऱ्या एका औषधात नोकराने मोठ्या प्रमाणात अफू मिसळली. या नोकरांनी त्यांच्या पैशाची अफरातफर केली होती आणि ते बरे झाले तर आपले बिंग फुटेल अशी त्यांना धास्ती होती.

त्यातूनही ते थोडे सावरले, दरबारात जाऊ लागले. पण पथ्य सांभाळले नाही. दुखणे जाई आणि परत येई. हमदानच्या वाटेवर ते पुन्हा उलटले. हमदानला पोहोचल्यावर आपली शक्ती संपली आहे हे त्यांनी ओळखले आणि औषध बंद केले. जवळची संपत्ती गरिबांना वाटली, ज्यांना त्रास झाला असेल त्यांचे हक्क परत केले, गुलामांना मुक्त केले आणि कुराणपठणात उरलेले दिवस घालविले. इ. स. 1037 मध्ये, हिजरी 428 साली, रमजानच्या महिन्यात त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांची कबर हमदानला आहे. तेथे आता भव्य स्मारक उभे आहे.

त्यांच्या मागे कानून राहिला. बाराव्या शतकात तोलेदो येथे जेरार्ड यांनी त्याचे लॅटिन भाषांतर केले. 1593 साली रोममध्ये मूळ अरबी ग्रंथ छापला गेला. सतराव्या शतकापर्यंत युरोपच्या विद्यापीठांतून तो शिकविला जात होता. भारतातील युनानी महाविद्यालयांत त्याचा अभ्यास आजही होतो. 1980 साली युनेस्कोच्या पुढाकाराने त्यांच्या जन्माची सहस्राब्दी साजरी झाली.

विद्यार्थी मित्रहो, पालक बंधु-भगिनींनो, या चरित्रातून काय घ्यावयाचे? ज्याने औषध पारखण्याचे सात नियम घालून दिले, त्याचाच शेवट मात्रेच्या चुकीने, घाईने आणि कुपथ्याने जवळ आणला. अजमोदा काही विष नव्हते. आपल्या ओव्याच्याच जातीचे ते एक साधे बी. पण दोनाच्या जागी तीस झाले आणि घाईची भर पडली, तेव्हा शेख-उर-रईसही वाचू शकले नाहीत. मग आपली काय कथा?

आपल्या वस्त्यांतून आजही सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या विकल्या जातात. दोन दिवसांत सूज उतरते आणि लोक वाहवा करतात. अशा काही पुड्यांत स्टेरॉइडची भेसळ असल्याचे तपासणीत आढळले आहे. महिने दोन महिने खाल्ल्यावर तोंड सुजते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि एकाएकी बंद केल्यास जिवावर बेतते. ज्या पुडीवर द्रव्याचे नाव नाही, मात्रा नाही, बनविणाऱ्याचा पत्ता नाही, ती पुडी इब्न सीना यांच्या पहिल्याच नियमाला नापास होते. हकिमाकडे जावे, तर पदवीधर व नोंदणीकृत हकिमाकडे जावे. डॉक्टरकडे गेल्यावर घरी कोणता काढा, कोणते माजून चालू आहे, ते लपवू नये. दोन औषधांचे आपसांत बिनसू शकते.

आणि ज्या मुलामुलींना विज्ञानाची आवड आहे, त्यांच्यासाठी येथे मोठे क्षेत्र मोकळे आहे. आपल्या आजीच्या फडताळातील एकेका द्रव्याला वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि औषधनिर्माणशास्त्र शिकलेले पारखी हवे आहेत. नुसता अभिमान बाळगून इब्न सीना यांचा वारसा चालणार नाही. पुस्तक चाळीस वेळा वाचण्याची चिकाटी, भाजीविक्याकडूनही शिकण्याची नम्रता आणि एकदा आलेल्या अनुभवावर विश्वास न ठेवता पुन्हा पुन्हा पडताळा पाहण्याची सवय, हा त्यांचा खरा वारसा आहे. आपल्या शाळेतून असा एक जरी पारखी निघाला, तरी फडताळातील ती जुनी बरणी सार्थकी लागली असे म्हणता येईल.